तांबं गेलं, काच आली

दर तीन महिन्यांनी एक सरकारी अहवाल येतो आणि त्यातला एक आकडा वर चढलेला असतो. हा आकडा तुमच्या घरातल्या वायफायचा. पण त्याच रकान्यात एक जुनी तार गुपचूप संपत चालली आहे आणि तिच्यासोबत एक सोयही.

आज घरी गेलात की एक काम करा. दाराच्या चौकटीवरच्या कोपऱ्यात बघा. तुम्ही जुन्या वस्तीत राहत असाल, म्हणजे उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पात, अंबरनाथ पूर्वेला किंवा बदलापूर गावात, तर तिथे एक दोनपदरी वायर सापडेल. तिच्यावरून दर गणपतीच्या आधी रंगाचा ब्रश फिरलेला असतो, त्यामुळे भिंत कुठे संपते आणि वायर कुठे सुरू होते ते पटकन कळत नाही. वायर एका चौकोनी प्लास्टिकच्या डबीत जाऊन संपते आणि त्या डबीला आता काहीच जोडलेलं नसतं. तिच्याच शेजारून, बहुतेक खिडकीच्या फटीतून, एक चपटी बारीक केबल आत आलेली असेल. ती एका पांढऱ्या डब्यात शिरते, आणि त्या डब्यावरचा एखादा दिवा लाल झाला की घरात सगळे एकदम एकमेकांशी बोलायला लागतात.

आता चिखलोलीच्या बाजूला राहत असाल तर पहिली वायर शोधण्यात वेळ घालवू नका. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधल्या या पट्ट्यात, जिथे लोक स्टेशन होणार म्हणून घरं घेत सुटलेत, तिथल्या नव्या टॉवरांपैकी कितीतरींनी टेलिफोनची तांब्याची तार पाहिलेलीच नाही. घराचा ताबा मिळाला, फ्रीज आला, आणि तिसऱ्या दिवशी फायबरवाला दारात उभा. एक अख्खी पायरी गाळून वर चढलेली ही वस्ती आहे. म्हणून या गोष्टीसाठी चिखलोलीइतकी चांगली जागा नाही: एका बाजूला साठ-सत्तर वर्षं जुनी शहरं, दुसऱ्या बाजूला कालपरवाच्या बिल्डिंगा, आणि मध्ये लोकलने दहा मिनिटांचं अंतर.

पी.पी. नंबरचा जमाना

आई-बाबांच्या किंवा काका-मामांच्या लग्नाची पत्रिका कपाटात असेल तर काढून बघा. फोन नंबराच्या पुढे ‘पी.पी.’ असं लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. अर्थ असा, की फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे, पण निरोप पोचेल. शेजारच्या काकूंनी जिन्यातून हाक मारायची, आणि आपण हातातलं टाकून धावायचं. काकूंच्या हॉलमध्ये उभं राहून, त्यांच्या सगळ्या कुटुंबासमोर, हळू आवाजात बोलायचं. प्रायव्हसीवर आज तुम्ही कॉलेजात प्रेझेंटेशन देता ना, त्या विषयाचा अभ्यास तुमच्या आई-बाबांनी असा उभ्यानं केलेला आहे.

फोन मिळणं ही तेव्हा नोकरी मिळण्याइतकी मोठी गोष्ट होती. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. जास्त पैसे भरले तर ‘ओन युवर टेलिफोन’ नावाच्या योजनेतून रांगेत पुढे जाता यायचं. मागेल त्याला फोन, हे उद्दिष्ट सरकारी धोरणात आलं ते १९९४ साली.

त्यात आपल्या पट्ट्याची एक वेगळीच भानगड. १९८६ साली मुंबई आणि दिल्लीसाठी एमटीएनएल ही कंपनी निघाली. तिची हद्द ठाणे आणि नवी मुंबईपर्यंत आली आणि तिथे थांबली. तिथपर्यंत ०२२. त्यापुढे डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, सगळे ०२५१. हे सरकारच्या दूरसंचार खात्याकडे राहिले आणि १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएलकडे गेले. गंमत म्हणजे मोबाइलची लायसन्सं वाटली गेली तेव्हा कल्याणचा पट्टा मुंबई सेवाक्षेत्रात धरला गेला. म्हणजे खिशातला फोन मुंबईकर आणि टेबलावरचा फोन कल्याणचा. रोज साडेसातच्या लोकलला लटकून मुंबईला जाणाऱ्या माणसाला हा विनोद कळायला वेळ लागत नाही.

मग आलं ब्रॉडबँड. २००४ सालच्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती २५६ केबीपीएस. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ सुरू केलं, टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या तारेवरून. २५६ केबीपीएस म्हणजे काय, ते गणित करून बघा. सेकंदाला ३२ किलोबाइट. पाच एमबीचं एक गाणं उतरायला पावणेतीन मिनिटं. एक जीबीचा सिनेमा उतरायला पावणेनऊ तास, तेही मध्ये कुणी कनेक्शन तोडलं नाही तर. म्हणून तर त्या पिढीला रात्री डाउनलोड लावून झोपायची सवय. आज १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर तोच एक जीबी ८० सेकंदांत उतरतो. ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला लागणारा किमान वेगही पुढे ५१२ केबीपीएस झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस.

एक रकाना, दोन गोष्टी

आता तो अहवाल. ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, दर तिमाहीला देशातल्या फोन आणि इंटरनेटचा हिशेब छापतं. वेबसाइटवर फुकट मिळतो. कॉमर्सवाल्यांनी आणि मास मीडियावाल्यांनी प्रोजेक्टसाठी हा खजिना एकदा उघडायला हरकत नाही. फक्त आकडा वाचताना थोडं थांबायचं.

२००० च्या दशकाच्या मध्यात देशात तारेचे फोन चार कोटींहून जास्त होते. मग खिशात मोबाइल आले आणि हा आकडा दर तिमाहीला घसरत गेला. २०२० मध्ये तो दोन कोटींच्या आसपास येऊन टेकला. निम्मे फोन गेले. लँडलाइनचं श्राद्ध घालायची तयारी झाली होती. आणि तेवढ्यात आलेख वळला. मार्च २०२४ अखेर सुमारे ३.३८ कोटी, मार्च २०२५ अखेर सुमारे ३.७ कोटी. वर्षात जवळपास ३२ लाखांची भर, म्हणजे तिमाहीला सरासरी आठ लाख.

लोक परत लँडलाइनच्या प्रेमात पडले का? छे. २०२० मध्ये काय झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुम्ही तेव्हा शाळेत होतात आणि ‘सर, आवाज येत नाहीये’ हे वाक्य रोज पंचवीस वेळा ऐकत होतात. मोबाइलच्या दीड-दोन जीबीत एका घरातली दोन मुलं आणि एक वर्क फ्रॉम होम बसत नव्हतं. त्याआधी, ५ सप्टेंबर २०१९ रोजी, जिओने फायबर बाजारात आणलं होतं, ६९९ रुपयांपासून. वर्षभरात तेच ३९९ पर्यंत उतरलं. बाकीच्यांनाही उतरावं लागलं. आणि या प्रत्येक फायबर जोडणीसोबत एक फोन नंबर फुकट मिळतो, जो आपण कधी वापरत नाही आणि पाठही करत नाही. अहवालात त्याची नोंद मात्र ‘वायरलाइन’ म्हणूनच होते.

इथेच वाचणारा फसतो. समजा, अंबरनाथच्या एका घरात तांब्याची लाइन होती. त्यांनी ती कापली आणि फायबर घेतलं. रकान्यात एक वजा, एक अधिक. बेरीज शून्य. अहवाल म्हणतो, काही घडलं नाही. प्रत्यक्षात एक तंत्रज्ञान गेलं, दुसरं आलं, बहुधा कंपनीही बदलली. म्हणजे ती ३२ लाखांची वाढ ही तांब्याची घट वजा करून उरलेली वाढ आहे. फायबर त्याहून जास्त वाढलंय आणि तांबं दिसतं त्याहून जास्त वेगानं संपतंय. खरं चित्र बघायचं असेल तर पहिल्या पानावरची बेरीज सोडा आणि आतल्या तक्त्यांत शिरा.

हा बदल किती मोठा, ते एका तारखेत सांगता येतं. ऑगस्ट २०२२. त्या महिन्यात जिओच्या तारेच्या जोडण्या सुमारे ७३.५ लाख झाल्या आणि बीएसएनएलच्या सुमारे ७१.३ लाख राहिल्या. टेलिफोन खात्याच्या स्थापनेपासून पहिल्यांदाच देशातली सगळ्यात मोठी लँडलाइन कंपनी खासगी झाली, आणि तीही अशी, जिने घरात तांब्याची तार कधी टाकलेलीच नाही.

दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवा, म्हणजे ‘भारत फायबरमय झाला’ असल्या मथळ्यांना भुलणार नाही. मार्च २०२५ अखेर देशात इंटरनेटच्या जोडण्या साधारण ९७ कोटी. त्यातल्या तारेवरच्या किती? सुमारे ४.१ कोटी. शंभरात चार. (लँडलाइन ३.७ कोटी आणि तारेवरचं नेट ४.१ कोटी कसं, असं विचारलंत तर शाबास. गल्लीतला छोटा नेटवाला नेट देतो, फोन नंबर देत नाही, म्हणून हे दोन रकाने जुळत नाहीत.) २०११ च्या जनगणनेत देशात २४.६७ कोटी कुटुंबं होती. तेव्हाचीच संख्या धरली आणि ऑफिसं-दुकानं घरांतच मोजली, तरी सहा घरांमागे एक जोडणी. तुमच्या वर्गातल्या साठ जणांपैकी पन्नास जण अजूनही हॉटस्पॉटवर असाइनमेंट पाठवत असतील, तर त्यांना आळशी म्हणू नका. ते बहुमतात आहेत.

तांब्याला काय झालं?

तांब्याच्या तारेला दोष देण्याआधी एक मान्य करू या. ती बोलण्यासाठी बनवली होती आणि शंभर वर्षं तिने ते काम चोख केलं. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ मध्ये. पिळलेल्या दोन तारा, एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला एक्स्चेंज. त्यातून माणसाचा आवाज नीट जातो. पण इंटरनेटसाठी तिच्यातून खूप वरच्या फ्रीक्वेन्सीचे सिग्नल पाठवायला लागले आणि हे सिग्नल तांब्यात लवकर दमतात. एडीएसएल-२-प्लस नावाचं तंत्र एक्स्चेंजच्या शेजारी २४ एमबीपीएसपर्यंत देऊ शकायचं. चार-पाच किलोमीटरवर त्याचे एक-दोन एमबीपीएस व्हायचे. चिखलोली दोन्ही स्टेशनांपासून साधारण तीन-चार किलोमीटर. समजा, एक्स्चेंज स्टेशनजवळ आहे, आणि केबल तर सरळ रेषेत येत नाही, नाल्याला वळसा घालून येते. म्हणजे इथे तांब्यावरून नेट आलंच असतं तरी कसं आलं असतं, याचा अंदाज करा. वर अपलोड एक एमबीपीएसच्या आसपास. रील टाकायला घेतली असती तर सेमिस्टर संपलं असतं.

शिवाय पाऊस. जमिनीखालच्या टेलिफोन केबलमध्ये पाणी शिरू नये म्हणून तारांच्या मध्ये चिकट जेली भरलेली असायची. पण जोड उघडा पडला, की जेली काय करणार? जून उजाडला की फोनमध्ये खरखर सुरू, हा उल्हास नदीकाठच्या गावांचा दरवर्षीचा अनुभव होता. त्यात तांब्याला भंगारात भाव. रस्ता खणणारे केबल तोडायचे आणि चोर उरलेली उपसून न्यायचे. काचेचा धागा चोरून कुणी विकत नाही, हा फायबरचा एक मोठा गुण कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत.

आणि माणसं. जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलचे ७८ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी घरी गेले. त्यात असे लाइनमन आणि केबल जोडणारे होते, ज्यांना कुठल्या खांबाखाली कुठला जोड आहे ते नकाशाशिवाय ठाऊक होतं. ती माहिती त्यांच्या डोक्यात होती आणि डोक्यासोबतच गेली. त्यानंतर बंद पडलेली लाइन दुरुस्त करण्यापेक्षा कापून टाकणं लोकांना सोपं वाटलं. तारा बनवणाऱ्यांचंही तेच झालं. देशासाठी टेलिफोनच्या केबली बनवायला १९५२ मध्ये बंगालात रूपनारायणपूरला उभी राहिलेली हिंदुस्तान केबल्स बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

काचेतली वाट

फायबर म्हणजे आरस्पानी काचेचा धागा. जाडी १२५ मायक्रॉन, एका मिलिमीटरचा आठवा भाग. उजेड धावतो तो त्याच्या पोटातल्या नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून. गाभ्याची काच आणि भोवतालची काच यांच्या अपवर्तनांकात बारीकसा फरक असतो, म्हणून उजेड बाहेर न पडता आतच कोंडला जातो. बारावीच्या फिजिक्समध्ये ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ दोन मार्कांना होतं ना, तेच हे. आज ते महिन्याला पाचशे रुपयांना विकलं जातं.

या धाग्याच्या गोष्टीत आपला एक माणूस आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. त्यांनी १९५४ मध्ये लंडनच्या इंपिरियल कॉलेजात काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखवली. ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्दही त्यांनीच रुळवला. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी सांगितलं, की काच पुरेशी शुद्ध केली आणि एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उजेड जरी उरला, तरी टेलिफोनचं काम होईल. त्या वेळच्या काचेत तेवढाही उरत नव्हता. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तो टप्पा गाठला. आजच्या काचेत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक असतो. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं, कपानींना नाही. त्यावर वाद घालायचा असेल तर कॅन्टीनमध्ये घाला, मी कपानींच्या बाजूने आहे. आणि हो, हा धागा बनवणारे कारखाने आपल्याकडेही आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्र्यात काचेच्या जाड दांड्यापासून ओढून असे धागे निघतात आणि जगभर जातात.

आता तुमच्या बिल्डिंगपर्यंत या. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एकच धागा खांबावरच्या किंवा जिन्याखालच्या एका डब्यात येतो. त्या डब्यात स्प्लिटर असतो. त्याला वीज लागत नाही, त्यात चिप नाही, काही नाही. तो फक्त उजेडाचे ३२ किंवा ६४ वाटे करतो. बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका धाग्यावरून खाली येताना अडीच जीबीपीएस आणि वर जाताना सव्वा जीबीपीएस मावतात, आणि ते या सगळ्या वाटेकऱ्यांत मिळून. गंमत अशी, की शेजाऱ्याचा डेटाही उजेडाच्या रूपात तुमच्या पांढऱ्या डब्यापर्यंत येतो. तुमचा डबा त्यातला फक्त आपला भाग उचलतो, बाकीचा कुलूपबंद असतो. पी.पी. नंबरवाल्या काकूंपेक्षा हे बरं.

मग रात्री दहाला नेट का रडतं? इथे चिखलोलीच्या धरणाकडे बघा. धरणात पाणी आहे, जलवाहिनी जाड आहे, टाकी भरलेली आहे, आणि तुमच्या नळाला मात्र करंगळीएवढी धार, कारण घरातला पाइपच अर्धा इंची. बहुतेक वेळा फायबरची तक्रार ही घरातल्या वायफायची तक्रार असते. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, तुम्ही आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. फोन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, आणि त्याच पट्ट्यावर बिल्डिंगमधले चाळीस राउटर ओरडतायत. कॉल सेंटरला फोन लावण्याआधी लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडून वेग मोजा. तिथे शंभर दिसले तर गुन्हेगार घरातच आहे. आणि शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर एमबी नव्हे, साडेबारा एमबी. या आठाच्या भागाकारावरून किती मित्रांच्या कंपन्यांशी भांडणं झाली असतील, देव जाणे.

गेमिंगवाल्यांसाठी आणखी एक. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. चिखलोलीहून मुंबई गाठायला मिलिसेकंदाचा एक तृतीयांश. पण सर्व्हर सिंगापूरला असेल तर सरळ रेषेतच ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन ४० मिलिसेकंद निव्वळ प्रवासाचे. त्याहून कमी पिंग कुठलाच प्लॅन देऊ शकत नाही, कितीही पैसे भरा.

‘एअरफायबर’ हे नाव ऐकून मात्र गोंधळू नका. त्यात टॉवरपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा रेडिओलहरींवरून येतो. गच्चीवर डबा लागतो, भिंत फोडावी लागत नाही, जिथे केबल पोचत नाही तिथे ते उपयोगी आहेच. पण ते ५जी आहे, फायबर नाही.

लाइट गेली की

आता ज्या सोयीबद्दल सुरुवातीला म्हणालो, तिच्याकडे येऊ. तांब्याच्या तारेवरून आवाजाबरोबर वीजही यायची. एक्स्चेंजमधल्या मोठाल्या बॅटऱ्या तारेत ४८ व्होल्ट ठेवायच्या. घरातली लाइट गेली तरी लँडलाइन चालू. पावसाळ्याच्या पहिल्या वळवाला लाइट जाणं हे काय असतं ते बदलापूर-अंबरनाथकरांना कुणी शिकवायला नको. त्या अंधारात आजोबांचा फोन चालायचा. फायबर वीज वाहून नेत नाही. काच आहे ती. लाइट गेली की पांढरा डबा बंद, वायफाय बंद आणि त्या डब्याला जोडलेला फोनही बंद. मोबाइल आहे ना, असं म्हणाल. वीज लांबली की टॉवरवरच्या बॅटऱ्याही उतरतात, आणि त्याच वेळी अख्खं गाव मोबाइलवर आलेलं असतं.

ही उगीच काढलेली शंका नाही. ब्रिटनमध्ये जुनं तांब्याचं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय. आधीची मुदत २०२५ ची होती. ती पुढे ढकलण्यामागचं एक मोठं कारण म्हणजे एकटे राहणारे म्हातारे. त्यांच्या गळ्यातलं संकटाचं बटण लँडलाइनवर चालायचं. लाइन बदलताना काही बटणं मुकी झाली, तेव्हा सरकारला आणि कंपन्यांना थांबून आधी अशा घरांची यादी करावी लागली. स्पेनमध्ये तांब्याची एक्स्चेंज बंद झाली आहेत, फ्रान्स २०३० च्या दिशेनं चाललाय. तिथे तारीख ठरते, नोटिसा जातात, वाद होतात. आपल्याकडे तांबं तारखेशिवाय जातंय. एक दिवस लाइन बंद पडते, कुणी येत नाही, आणि मग आपणच अर्ज देऊन ती सोडून देतो.

म्हणून घरात आजी-आजोबा असतील तर दोन गोष्टी बघून ठेवा. एक, राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. हजार-दोन हजारांत येतो आणि दोन-तीन तास निभावतो. दुसरी, आजोबांना पाठ असलेला तो सात आकडी नंबर. तो जायलाच पाहिजे असं नाही. बीएसएनएल तांब्याची लाइन फायबरवर नेताना जुना नंबर तोच ठेवते. आमच्या ओळखीत एका घरात हे कुणी विचारलंच नाही, आणि तीस वर्षांचा नंबर गेल्यावर आजींनी आठवडाभर नातवाशी अबोला धरला. नातवाचं म्हणणं, नंबरला काय करायचंय? आजींचं म्हणणं, गावाकडच्यांकडे तोच आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसायची वेळ

शेवटच्या टप्प्यातलं फायबर आज बऱ्याच ठिकाणी कंपनीची माणसं टाकत नाहीत, गल्लीतला केबलवाला टाकतो. तोच केबलवाला, ज्याने २००० च्या सुमारास तुमच्या घरी टीव्हीची केबल आणली होती. बीएसएनएलही अशा स्थानिक भागीदारांबरोबर उत्पन्न वाटून घेऊन फायबर देते. यात एक नवं काम तयार झालंय: फायबर जोडणारा. नऊ मायक्रॉनचा गाभा समोरच्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्याशी नेमका जुळवायचा आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एक करायचा. मशिन मदत करतं, पण धागा सोलणं, पुसणं आणि सरळ कापणं हाताचं काम. ‘ऑप्टिकल फायबर स्प्लायसर’ नावाचा कौशल्य अभ्यासक्रमही आहे. इंजिनीअरिंगचं सर्टिफिकेट घेऊन डिलिव्हरी ॲपवर फिरणाऱ्या मित्राला सांगून बघा.

आणि नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनो, तुमच्या बिल्डिंगमध्ये किती कंपन्यांची केबल येते? एकच? मग विचारा, का. बऱ्याच ठिकाणी बिल्डर किंवा कमिटी एकाच कंपनीला डक्ट देऊन मोकळी होते. बाकीच्यांना जिन्यातून वाट नाही, आणि मग त्या एका कंपनीचं नेट कसंही चालो, तुम्ही जाणार कुठे? ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये बिल्डिंगांना डिजिटल जोडणीसाठी रेटिंग देण्याचे नियम काढले आहेत. नेट किती चांगलं पोचतं, यावर इमारतीला तारे मिळू शकतात, जसे हॉटेलला मिळतात. चिखलोलीत फ्लॅट बघायला येणारं जोडपं पाण्याचं आणि स्टेशनचं विचारतं. डक्टचं विचारणारं अजून कुणी दिसलं नाही. सेवेत बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर भाड्यात सूट देण्याची तरतूदही ट्रायच्या नियमांत आहे. ती आपोआप मिळेल या भरवशावर राहू नका, तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून ठेवा.

रस्त्यांचंही बघा. फायबरचा सगळ्यात मोठा शत्रू जेसीबी. गटारासाठी खणतात, पाण्यासाठी खणतात, आणि दुपारी अख्ख्या कॉम्प्लेक्सचं नेट जातं. खणण्याआधी खाली कुणाची केबल आहे ते विचारण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलंय. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम, चिखलोली स्टेशन, नवे रस्ते, म्हणजे या पट्ट्यात खोदकाम काही थांबणार नाही. पुढच्या वेळी कोपऱ्यावर जेसीबी दिसला तर कंत्राटदाराच्या माणसाला त्या ॲपबद्दल विचारा, आणि विचारायच्या आधी असाइनमेंट अपलोड करून टाका.